मॉडेलचा उजवा गाल

"ह्या स्किनला फार कळत नाही. रफ असते. उन्हातली."

हे वाक्य माझ्या डोक्याशी उभं राहून एक डॉक्टर बोलला. माझ्याशी नाही. माझ्यावरून, पलीकडच्यांशी.

मी आडवी होते. डोळ्यांवर ओली पट्टी. अंगावर हिरवं कापड, त्याला मधोमध भोक, आणि त्या भोकातून माझं तोंड तेवढं वर आलेलं. डाव्या गालात सुई होती. इंजेक्शनला टोचून काढतात तशी नाही. कातडीखाली शिरलेली आणि आडवी फिरत असलेली. ती फिरली की आतून आवाज यायचा, जुनी शिवण उसवताना येतो तसा. बाहेर कुणाला ऐकू जात नव्हता. माझ्याच हाडातून माझ्याच कानात येत होता. मी "आई गं" म्हणाले आणि पाय झाडले. कुणीतरी घोटे दाबून धरले. त्यावर तो बोलला, ह्या स्किनला फार कळत नाही.

भोवती डॉक्टर होते. नवे, फी भरून शिकायला आलेले. कुणी हसलं नाही. हसले असते तर टवाळी म्हणून सोडून दिलं असतं. ते "राइट सर" म्हणाले. म्हणजे त्यांनी ते शिकून घेतलं. उद्या जालन्याला, बीडला, परभणीला आपापले दवाखाने उघडतील, माझ्यासारख्या एखादीच्या गालात सुई घालतील, ती ओरडेल, आणि त्यांना हेच आठवेल. हिला कळत नाही.

मला कळत होतं. सगळं कळत होतं.

हे आमच्या कामगार संघटनेच्या पत्रकात सांगता आलं असतं. पण पत्रकाला एक पान असतं. त्यात मागणी मावते, घोषणा मावते. माणसाचा गाल मावत नाही. म्हणून इथं लिहिते.

मी पिशोरची. बी.ए. करून वाळूजला आले आणि ठेकेदाराच्या हाताखाली कंपनीत लागले. गाडीच्या पोटात वायरींची जुडी असते ना, ती आम्ही बांधतो. बोटांना टेप चिकटून चिकटून कातडं निघतं. राहते रांजणगावात, एका खोलीत तिघीजणी. ड्यूटी सुटली की संघटनेचं काम. शिफ्टच्या बस सुटायच्या आत गेटवर पत्रकं वाटायची. बरीचशी मीच लिहिलेली. कोण देतंय, का देतंय, बदल्यात काय नेतंय, हे विचारायची सवय मला पत्रकांनीच लावली. मी दुधाच्या पिशवीवरचं बारीक अक्षरसुद्धा वाचते. खोलीतल्या पोरी हसतात.

तर असली मी त्या टेबलावर कशी गेले?

माझ्या तोंडावर खड्डे आहेत. दोन्ही गालांवर, कानशिलापासून हनुवटीपर्यंत. नववीत असताना फोड आले. मोठे, ठणकणारे, उशीवर गाल टेकवता यायचा नाही. आई बाजारच्या दिवशी मला मेडिकलवाल्याकडं घेऊन गेली. दवाखाना लांब, मेडिकल जवळ. त्यानं फळीवरून एक ट्यूब काढली. म्हणाला, "लाव रोज. फोडबी जातेत अन् रंगबी उजळतो." रंग खरंच उजळला. आई खूश. गल्लीतल्या बाया विचारायला लागल्या. ट्यूब बंद केली की तोंड पेटायचं, पहिल्यापेक्षा जास्त. मग परत ट्यूब. त्यात स्टेरॉइड असतं आणि डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ते तोंडाला फासायचं नसतं, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. मेडिकलवाल्याला तेव्हाही माहीत असणार. तो आजही तिथंच बसतो. त्याच्या पोरींच्या तोंडावर एक डाग नाही. गावी गेले की मी मुद्दाम बघते.

फोड गेले, खड्डे राहिले. शाळेत पोरं मला चाळणी म्हणायची. कॉलेजात चाळणी. कंपनीत वाटलं इथं तरी नाव विचारतील. दुसऱ्याच आठवड्यात सुपरवायझर ओरडला, "ए, ती चाळणी कुठाय? तिला पॅकिंगला पाठवा." आणि मी गेले. हात पुसत, पटकन, काम चुकायला नको म्हणून. गेटवर हक्काच्या गोष्टी बोलणारी मी, चाळणी म्हटल्यावर ओ देऊन गेले. ते मला फार दिवस टोचत राहिलं.

माझ्या खोलीत सोनी राहते. सिल्लोडकडची, माझ्याहून लहान, माझ्याच लाइनवर. तिच्याही गालांवर खड्डे आहेत, माझ्याइतके खोल नाहीत. एकदा तिनं मोबाइल माझ्यापुढं धरला. शहरात उस्मानपुऱ्यातल्या एका स्किन क्लिनिकची जाहिरात. चेहऱ्यावरचे खड्डे, निवडक व्यक्तींना मोफत उपचार.

मी म्हणाले, "फुकट का?"

"फुकट हाय म्हणून फुकट. तू बी ना."

"निवडक म्हणजे कोण निवडणार?"

"तू जाऊ नको मग. मी जाते."

"थांब. आधी मी बघून येते."

खरं सांगायचं तर मला जायचंच होतं. काही हवंहवंसं वाटलं की माझी शंका तोंड बंद करून बसते. मी क्रांती चौकात उतरले आणि चालत गेले.

आत गार हवा, काचेचं दार, भिंतीवर गोऱ्या बायकांचे हसरे फोटो. काउंटरवरच्या मॅडमनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि खड्ड्यांवर नजर थांबवली. म्हणजे योग्य जागी आले होते.

"पूर्ण नाव सांग."

सांगितलं.

"आडनाव नीट कळलं नाही."

कळलं होतं. मी परत सांगितलं.

"गाव?"

"पिशोर."

"अय्या, पिशोरला आमचे पाहुणे आहेत. कुठं राहता तुम्ही लोक? बाजाराकडं का?"

"नाय. खालच्या अंगाला."

"अच्छा."

हा अच्छा मला पाठ आहे. खोली बघायला गेलं की घरमालकीण असाच अच्छा म्हणते, आणि मग ती खोली कालच कुणाला तरी दिलेली निघते. गाल तपासायला गल्ली कशाला लागते? पण ह्या अच्छानंतर मला काढून दिलं नाही. उलट मॅडम गोड झाल्या. "बस हं. तुझं काम होईल असं वाटतंय." तेव्हाच उठायला पाहिजे होतं. ज्या अच्छानं दार लागतं त्याच अच्छानं इथं दार उघडलं, तर आत काय असेल? मी बसून राहिले.

शेजारी एक आई-मुलगी बसलेल्या. सिडकोतल्या. काउंटरवरच्या मॅडम त्या आईला "काकू, पाणी आणू का?" म्हणत होत्या आणि मुलीला "तुम्ही आज खाऊन आलात ना?" मुलगी अकरावी-बारावीतली. तिला तुम्ही. मला तू.

मुलगी बोलकी होती. माझ्याकडं बघून तिनंच सुरुवात केली.

"ताई, तुमचेपण पिंपल्सचेच ना? माझे बघा. आज ॲसिड लावणार आहेत. एकेका खड्ड्यात थेंब."

"दुखतं का?"

"चुरचुरतं. आधी इथं करून बघितलं." तिनं केस बाजूला करून कानामागची जागा दाखवली. "मॅडम म्हणाल्या, आपल्या रंगाला ॲसिडनं काळं पडू शकतं. मग खड्डा बरा पण डाग कायमचा. म्हणून आधी कानामागं एक थेंब, आणि महिनाभर वाट बघायची. माझं नाही पडलं."

तिची आई म्हणाली, "मी तर म्हटलं, तोंडाला लगेच हात लावायचाच नाही. मुलीची जात आहे."

त्या मुलीचा रंग माझ्याहून बराच उजळ होता. पोरगी चांगली होती, तिचं काहीच चुकलं नाही. तरी मला तिचा राग आला. लिहिताना खोटं कशाला लिहू?

मग मला आत बोलावलं. तिथल्या डॉक्टर मॅडमनी दिवा लावला, माझा गाल चिमटीत धरून ताणला, सोडला, परत ताणला. आतल्या सिस्टरला म्हणाल्या, "हिचे मस्त आहेत. खोल आहेत, रुंद आहेत, सगळे प्रकार एकाच चेहऱ्यावर. सर खूश होतील."

माझ्या खड्ड्यांना आयुष्यात पहिल्यांदा कुणी मस्त म्हटलं. मला बरं वाटलं. बघा, माणूस किती भुकेला असतो.

"रविवारी बाहेरून मोठे सर येतायत," त्या म्हणाल्या. "डॉक्टर लोकांना शिकवायला. ते स्वतः तुझ्यावर करतील. एवढ्या मोठ्या माणसाचा हात लागणार, नशीब समज. खड्डे भरून निघतील."

"दोन्ही गाल?"

"हो गं, दोन्ही."

"कानामागं कधी करायचं?"

"रविवारी ये. सगळं रविवारी," त्या म्हणाल्या आणि पुढच्याला बोलावलं.

खोलीवर आले. सोनीला म्हणाले, त्या सिडकोवालीला महिना थांबवलं, मला सरळ रविवारी बोलावलंय.

"मोठा डॉक्टर हाय ना, त्याला कशाला महिना लागतो? लई शंका काढती तू. जा की."

मी गेले.

रविवारी मला पुढून आत घेतलं नाही. काउंटरवरच्या मॅडम दारातच आडव्या आल्या. "मॉडेलनं मागच्या जिन्यानं यायचं हं. इकडं पेशंट आहेत." मॉडेल म्हणजे मी, जिच्यावर करून दाखवायचं ती. मागचा जिना कचऱ्याच्या बादल्यांवरून जात होता. वर एक औषधं ठेवायची खोली. तिथं खोक्यांवर अजून दोघी बसलेल्या. एक शहागंजकडची, बुरखा घातलेली, माझ्याच वयाची. दुसरी गंगापूरची, लग्न ठरायची वाट बघणारी. तिघींचे गाल चाळणी. एकमेकींकडं बघून आम्ही जरा हसलो. शहागंजवाली म्हणाली, "अपने जैसे तीन-तीन मिल गये इनको. दुकान चल पडी." तेवढंच हसणं त्या दिवसातलं.

गालांवर सुन्न करायचं मलम फासलं. सिस्टर म्हणाली, तासभर ठेवायचं असतं. तासाच्या किती आधी ते पुसलं कुणास ठाऊक, पण गाल अजून माझाच होता, हाताला कळत होता. मी तसं सांगितलं. सिस्टर हळूच म्हणाली, "सरांचं विमान आहे गं संध्याकाळचं."

मग टेबल. हिरवं कापड. डोळ्यांवर पट्टी. सुई. आणि ते वाक्य, जे मी वर लिहिलंय.

डावा गाल झाला. कापसानं दाबून धरला. गरम काहीतरी कानाकडं ओघळत होतं. मला वाटलं आता उजवा, सहन करू, संपेल. आणि सर शिकवायला लागले. ते इंग्रजी-मराठी मिसळून बोलत होते. खाली पडलेल्या बाईला हे कळेल असं त्यांच्या मनातसुद्धा आलं नसणार.

"आता राइट साइड. इथं सुई नाही. इथं ॲसिड, हाय स्ट्रेंग्थ. काडीच्या टोकानं एकेका खड्ड्यात. सेम पेशंट, सेम स्किन, दोन बाजूंना दोन मेथड. याहून चांगलं कंपॅरिझन तुम्हाला मिळणार नाही."

एका मुलीचा आवाज आला. शिकायला आलेली कुणी डॉक्टर. "सर, या कलरला एवढ्या स्ट्रेंग्थनं काळं नाही पडणार?"

"पडू शकतं ना. तेच तर बघायचंय. किती पडतं, किती टिकतं. स्वतःच्या पेशंटवर तुम्ही ही रिस्क घ्याल का? नाही घेणार. म्हणून इथं बघून घ्या."

"ओके सर."

बाटलीचं झाकण फिरल्याचा आवाज आला. आंबट, झोंबणारा वास नाकात शिरला.

मी पट्टीखालूनच बोलले. "कानामागं करून बघत नाय का आधी?"

मग कुणीतरी म्हणालं, "मॉडेल बोलली." आता मात्र हसले.

डॉक्टर मॅडम माझ्या कानाशी वाकल्या. त्या रागावल्या नव्हत्या. लहान मुलाला समजावतात तशा म्हणाल्या, "ते पेशंटला करतो गं. तू मॉडेल आहेस ना."

एवढंच. गोड आवाजात.

मी बरेच अपमान खाल्लेत. चाळणी ऐकलंय. खालच्या अंगाची म्हणून ऐकलंय. शाळेतल्या सरांनी माझी वही खडूच्या टोकानं सरकवलेली बघितलीय. त्या सगळ्यांत निदान माझ्यावर राग तरी होता, किळस तरी होती. समोर कुणीतरी आहे असं धरून केलेलं होतं. इथं कुणी नव्हतंच. एक गाल होता. खड्डे चांगले, रंग सोयीचा, गल्ली विचारून घेतलेली. जळला तर भांडायला कोण येणार, याचा हिशेब त्या अच्छामध्येच झालेला. सिडकोवाल्या मुलीची कानामागची जागा जपायची होती. ती जपता यावी म्हणून माझं तोंड.

मी पट्टी काढली.

डोळ्यांवर दिवा आदळला. त्यामागं कोंडाळं, सगळ्यांचे मोबाइल माझ्यावर रोखलेले. मी उठून बसले. हिरवं कापड भोकासकट गळ्यात लोंबायला लागलं.

"अगं, झोप झोप," मॅडम म्हणाल्या. "अर्ध्यात कुणी उठतं का?"

"मी उठते."

"दोन गाल दोन तऱ्हेचे दिसतील. मग आम्हाला बोलायचं नाही."

"दिसू द्या."

"तू कबूल केलं होतंस."

"खड्डे भरायचे म्हणून कबूल केलं. गाल काळा करून बघायचाय, हे कुठं सांगितलं होतं तुम्ही?"

मॅडमनी सरांकडं बघितलं. मला वाटलं आता तो ओरडेल. मी तयारच होते, गेटवर ठेकेदाराच्या माणसांशी भांडलेली आहे मी. पण त्यानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. मनगटावरचं घड्याळ बघितलं आणि म्हणाला, "नेक्स्ट मॉडेल घ्या."

हे त्याच्या त्या वाक्याहून वाईट होतं. माझा नकार त्याला अडचणसुद्धा वाटला नाही. खोक्यांवर अजून दोघी बसलेल्या होत्या.

मी तशीच त्या खोलीत गेले. गालावरून रक्त, गळ्यात कापड. दोघी दचकून उभ्या राहिल्या. मी म्हणाले, "एका गालात सुई, दुसऱ्यात ॲसिड. ॲसिडनं काळं पडतं का ते आपल्यावर बघणारेत. मागून येणाऱ्या पेशंटांना लावायच्या आधी."

शहागंजवालीनं काही विचारलं नाही. पर्स उचलली. "चल बाई. मेरा चेहरा मेरा है," म्हणाली आणि बुरख्याची जाळी खाली ओढली.

गंगापूरवाली बसून राहिली.

"चल की," मी म्हणाले.

"ताई, मला बघायला येतेत अन् परत जातेत. आता बाप बोलायचा बंद झाला माझ्यासंगं. काळं पडलं तर पावडर लावता येती. खड्ड्यात पावडर थांबत नाय."

सिस्टर आली, तिला आत घेऊन गेली. गंगापूरवालीनं जाताना मागं वळून बघितलं नाही.

मी पुढच्या जिन्यानं उतरले, तर खाली काउंटरवरच्या मॅडम धावत आल्या. "मागच्या जिन्यानं, मागच्या जिन्यानं! रक्त दिसतंय, बाहेर पेशंट बसलेत."

"मीबी पेशंटच हाय," मी म्हणाले, आणि काचेच्या दारातून गार हवेच्या त्या खोलीत जाऊन सोफ्यावर बसले. रविवार असल्यामुळं नोकरदारांची गर्दी होती. एका काकूंनी मुलाचे डोळे झाकले. एक गृहस्थ उभे राहिले आणि विचारायला लागले, काय झालं, काय झालं. मॅडम म्हणाल्या, "काही नाही हो, जरा घाबरट आहे." मी मोठ्यानं म्हणाले, "गाल बांधा. बांधल्याबिगर जात नाय." बांधायला त्यांनी अजिबात वेळ लावला नाही. त्या सोफ्याच्या भीतीनं मला जेवढी काळजी मिळाली तेवढी टेबलावर मिळाली नव्हती.

घरी आले. गाल सुजला, निळा पडला, डोळा अर्धा मिटला. कंपनीत दांडी पडली. आणि संघटनेतला आमचा दादा बघायला आला. मला पत्रकं लिहायला त्यानंच शिकवलं, त्याच्याबद्दल आदर आहे. तो माझ्यासमोर बसला, तोंडानं च्च केलं, आणि पहिल्यांदा काय म्हणाला असेल?

"फोटो काढू या. सूज उतरायच्या आत. पत्रकावर मोठा छापू. लोक हलतील."

तो मोबाइल काढून उजेडाची जागा शोधत होता. "जरा खिडकीकडं तोंड कर."

"दादा, आधी विचार."

"काय विचारू?"

"फोटो काढू का, ते."

तो हसला. "आपल्याच माणसाला काय विचारायचं?"

"आपल्याच माणसाला विचारायचं असतंय."

त्याला वाईट वाटलं. मग तो भाषणावर आला. मुळात चेहरा गुळगुळीत पाहिजे हीच बाजारानं डोक्यात भरलेली गोष्ट आहे, कष्टकरी बाईनं ह्या नादाला लागू नये, तुझ्यासारख्या कार्यकर्तीनं तर नाहीच, वगैरे. दादाचा चेहरा गुळगुळीत आहे. त्याला कुणी चाळणी म्हणून हाक मारलेली नाही आणि त्या हाकेला त्याला ओ द्यावी लागलेली नाही. मी त्याला म्हणाले, "मला खड्डे भरायचेत. ह्याची मला लाज वाटत नाय. आता मला जरा पडू दे." तो गेला. फोटो छापला नाही. दादाचं मन वाईट नव्हतं. पण सर आणि दादा, दोघांनाही माझा गाल दुसऱ्यांना दाखवायला हवा होता. ते एकदा ध्यानात आल्यावर मी आता कुणालाच सवलत देत नाही. कुणी जवळ आलं की मी हाताकडं बघते. हातात काय आहे? काडी आहे, मोबाइल आहे, की रिकामा आहे?

यापुढचं लिहायला मला जड जातंय.

सूज उतरली. निळं पिवळं झालं, पिवळं गेलं. आणि डावा गाल सुधारला. खरंच सुधारला. गुळगुळीत नाही, पण खड्डे वर आले, उजेड पडला की सावली पडत नाही. त्या माणसाचा हात चांगला होता. मला ते मान्य करावं लागतं. त्यानं मला कातडी म्हटलं आणि त्याच हातानं माझा डावा गाल बरा केला. उजवा होता तसाच आहे. आरशात दोन बायका दिसतात. एकीकडं बघून मला बरं वाटतं आणि बरं वाटल्याचा राग येतो.

गंगापूरवालीचा पत्ता लागला नाही. तिच्या उजव्या गालाचं काय झालं, मला माहीत नाही. मी शोधते आहे.

आणि परवा सोनीला फोन आला. त्याच काउंटरवरून. परत रविवार, परत सर. तिनं माझ्या नकळत जाहिरातीवर स्वतःचा नंबर टाकून ठेवला होता.

मी म्हणाले, "तुला सगळं सांगितलं ना मी?"

"सांगितलं. पण तुझा डावा गाल बघ की. मला तसले दोन पाहिजेत."

"अन् उजव्याला ॲसिड लावतील त्याचं?"

"ते तू बोल त्यांच्यासंगं. तुला बोलता येतं. मला खड्डे भरायचेत."

आम्ही भांडलो. जेवण तसंच राहिलं. खोलीतली तिसरी पोरगी भांडी घासत म्हणाली, "दोघींचंबी खरं हाय. आता झोपा." मी झोपले नाही. सोनीला जाऊ नको म्हणायचा मला हक्क आहे का? पैसे देऊन जायला तिच्याकडं पैसे नाहीत. सरकारी दवाखान्यात खड्डे म्हटलं की हसतात, म्हणतात ह्यानं काय माणूस मरत नाही. चाळणी ही हाक तीही ऐकते. मी तिला थांबवलं तर मी तिच्या गालाची मालकीण झाले. मला मालक नकोत. मालकीणही व्हायचं नाही.

सकाळी मी तिला म्हणाले, फोन लाव, स्पीकरवर टाक. तिनं लावला. माझ्या सांगण्यावरून तिनं विचारलं, "सोबत कुणाला आणलं तर चालंल का?"

"नाही हं," गोड आवाज आला. "मॉडेलनं एकटीनंच यायचं."

सोनीनं माझ्याकडं बघितलं. मी ओठ घट्ट मिटून बसले, हे तिनंच बोलायचं होतं. ती म्हणाली, "मग मी येताना ताईला घेऊनच येते. नाय म्हणायचं आसंल तर दारात म्हणा, सगळ्यांसमोर," आणि तिनंच फोन ठेवला.

रविवारी आम्ही दोघी जाणार. सुई तिला हवी आहे, ती तिनं घ्यावी. मलम पूर्ण वेळ ठेवलं का, हे मी बघणार. सर शिकवताना मी ऐकणार, आणि जे कळलं ते तिथल्या तिथं तिला मराठीत मोठ्यानं सांगणार. ती हो म्हणाली तर हो. ती गप्प राहिली तर नाही. आणि तिनं हो म्हणायच्या आत त्यांनी ती बाटली उघडली, तर मी हात धरणार. सोनीचा नाही. डॉक्टरचा.